मागची सीट

सामानाची व्हॅन मी चालवते.
सायकलवाले पुढे, त्यांच्या बॅगा माझ्याकडे,
संध्याकाळी हॉटेलच्या पायरीवर ज्याची त्याला. एवढंच काम.
एकोणीस वर्षं ज्युराच्या याच वळणांवर, बहुतेक तिसऱ्या गिअरमध्ये.

बॅग उचलली की माणूस कळतो.
पहिल्या दिवशी हलकी. सहाव्या दिवशी
बाटल्या स्वेटरच्या बाह्यांत शिरलेल्या,
चीजचा तुकडा मोज्यात
(मोजा धुतलेला असेल अशी आशा),
आणि मादाम त्रिपारकडचा अक्रोडाचा केक,
जो कुणाच्याच घरापर्यंत पोचत नाही.

विब्रांड दर सप्टेंबरात येतो हॉलंडहून,
द्राक्षं उतरायच्या जरा आधी.
दोघांची सायकल, एकामागे एक सीट.
यंदा बॅग एकच आली.
मी विचारलं नाही.
दुसरीची जागा तेवढी मोकळी ठेवली,
वर कुणाचं जाकीट टाकू दिलं नाही.

जोडसायकलीचं एक असतं:
पुढचा पाय मारतो
तेव्हा मागचे पेडलही फिरतात.
आरशात दिसायचे मला, दिवसभर, रिकामे, तालात.

फ्युल्जांसच्या तळघरात सगळे गार पडले, वह्या निघाल्या.
फ्युल्जांसचं भाषण मला पाठ आहे:
"हे पीप आम्ही वरून भरत नाही.
वाइन उडते, जागा होते,
जागेवर साय धरते.
सहा वर्षं तीन महिने हात लावायचा नाही."
कुणीतरी विचारलंच, उडालेली जाते कुठे?
त्याने कंदील वर धरला.
छत काळंकुट्ट, बुरशीने माजलेलं.
"हा पितो. फुकट्या."
सगळे हसले.
विब्रांडने घोट घेतला, म्हणाला, "अक्रोड,"
आणि उजवीकडे वळून थांबला,
कुणी दुरुस्त करेल म्हणून.
आल्त्ये असती तर म्हणाली असती, मेथी.
तिच्या गावी चीजमध्ये मेथीदाणे घालतात.
दर वर्षी याच पिपाशी दोघांचं हेच भांडण.
फ्युल्जांसलाही आठवलं असणार,
त्याने न विचारता दुसऱ्यांदा ओतली.

घाटमाथ्यावर तो माझ्या खिडकीशी आला.
"उतारावर मागचं चाक उडतं," म्हणाला,
"वजन नाही."
मी किल्ली मातुरँकडे फेकली.
तो आमचा गाईड, व्हॅन चालवायला टपलेलाच.
माझ्या पायांत लाकडी टाचेचे बूट,
डोक्यावर तिचं हेल्मेट, पट्टा जरा तोकडा.

मागे बसल्यावर पुढचं काही दिसत नाही.
पाठ दिसते. घामाचा नकाशा, कॉलरपाशी एक धागा.
रस्ता त्याचा, ब्रेक त्याच्या हातात,
मला फक्त दोन्ही बाजू.
माझ्याच रस्त्याच्या बाजू, ज्या मी
एकोणीस वर्षांत पाहिल्या नव्हत्या.
कापलेल्या गवताचा वास, मग शेणाचा,
मग कुणाच्या तरी खिडकीतून लोण्यात परतलेली अळंबी.

तो ओरडला, "डावीकडे काय?"
मला वाटलं, गाडी आली.
"काही नाही!"
"काही नाही कसं? सांग ना!"

तेव्हा उजेड पडला.
इतकी वर्षं तो डांबर बघत आला,
खड्डे, खडी, वळणं.
बाकीचा सगळा देश
त्याने मागून ऐकला होता.

माझं डच म्हणजे नमस्कार आणि बिल,
त्याचं फ्रेंच म्हणजे जेवणाचे पदार्थ.
तरी सांगत सुटले, वाऱ्यात, बोंबलून:
द्राक्षांची रांग, पानं कडेला तांबडी.
निळा शर्ट घातलेला म्हातारा, शिडीवर.
नाही, उतरला.
चर्च. घड्याळ बंद.
दोरीवर चादरी.
गायी.

"गायी किती?"

मी मोजायला लागले,
पण गायी मागे पडत गेल्या,
मान वळवून, हेल्मेट सावरत, आठ, नऊ,
एक झाडाआड, ती धरू का सोडू,
आणि तो ब्रेक दाबत होता,
हळूहळू,
मला मोजता यावं म्हणून.